दोन समुद्रांची कोयना

सातारा जिल्ह्याचा नकाशा उघडून कोयनेवरून बोट फिरवलं की पहिल्यांदा लक्षात येतो तो तिचा हट्ट. सह्याद्रीच्या माथ्यावरून देशाकडे उतरणाऱ्या नद्या डोंगर सुटला की पूर्वेची किंवा आग्नेयेची वाट धरतात. नीरा, भीमा, वारणा सगळ्यांचा रोख तोच. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य धारेला बिलगून सरळ दक्षिणेला निघते. साधारण पासष्ट किलोमीटर ती अशीच जाते. मग हेळवाकला एकाएकी काटकोनात वळते आणि पाटणवरून कराडला जाऊन कृष्णेला मिळते. एकूण लांबी सुमारे १३० किलोमीटर. त्यातली निम्मी दक्षिणेकडे, निम्मी पूर्वेकडे.

शाळेच्या भूगोलात कोयना इथं संपते. पण गेली साठेक वर्षं तिला तिसरी दिशाही आहे, पश्चिमेची. तिचं बरंचसं पाणी आता डोंगराच्या पोटातून कोकणात उतरतं, वाशिष्ठीला मिळतं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात जातं. उरलेलं कराडवरून कृष्णेबरोबर थेट बंगालच्या उपसागराला. एका नदीचं पाणी दोन समुद्रांना मिळावं, हे आपल्याकडे फार ठिकाणी घडत नाही. म्हणून ही नदी उगमापासून दोन्ही वाटांनी पाहायची असं ठरवून मी निघालो.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं, अशी श्रद्धा आहे. भाविकांची रांग तिथं असते आणि असावीही. प्रत्यक्षात कोयनेचे पहिले ओहोळ पठाराच्या पश्चिम कडेवरून खाली घळीत उतरतात. तिथून नदी पार गावाकडे येते. प्रतापगडाला जाणारे पर्यटक गड बघून महाबळेश्वरला परत फिरतात. त्यांतले फार थोडे खाली पारच्या जुन्या पुलापर्यंत येतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. शिवकाळातला म्हणून ओळखला जाणारा हा दगडी पूल अजून वापरात आहे. वरच्या अंगाला खांबांना निमुळती टोकं काढली आहेत, पुराचा जोर त्यांच्यावर फुटावा म्हणून. खाली उतरून त्या दगडांवर हात ठेवला. सांधे अजून घट्ट आहेत. पावसाळ्यात या घळीतून येणारं पाणी ज्यानं पाहिलं असेल त्यालाच असे खांब सुचतील. १६५६ साली जावळी घेतल्यावर महाराजांनी प्रतापगड बांधायला घेतला तो नीरा-कोयनेच्या काठांवर आणि पारघाटावर नजर राहावी म्हणून. तेव्हाच्या लोकांना या नदीचा भूगोल पुरता ठाऊक होता.

पारपासून पुढे एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर राहते. नदीच्या उजव्या हाताची, म्हणजे पश्चिमेची डोंगररांग. ती उंच आहे, पण जाड नाही. तिच्या पलीकडे लगेच कोकण. एखाद्या खिंडीत चढून गेलं की पाठीमागे कोयनेचं खोरं आणि समोर हजार-दोन हजार फूट कोसळलेला कडा. वासोट्याच्या बाबूकड्यावर उभं राहिलं की हे फार स्पष्ट दिसतं. नदी ज्या उंचीवरून रमतगमत चालली आहे, तिच्या कितीतरी खाली, हाकेच्या अंतरावर, वाशिष्ठी आणि जगबुडीचे ओढे वाहत असतात.

या भूगोलाचं मूळ खडकात आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचं पठार झालं. या बेसाल्टमध्ये उभ्या भेगा आणि भंगरेषा पडल्या. पश्चिमेची कडा उचलली गेली, पठार पूर्वेला कललं, म्हणून नद्या पूर्ववाहिनी झाल्या. कोयनेला मात्र कड्याला समांतर गेलेली दुबळी रेषा सापडली आणि तिनं तीच पोखरली. पाणी नेहमी कमी विरोधाची वाट शोधतं. खडक जिथं फुटका, तिथं नदी.

पश्चिमेच्या बाजूला वेगळंच काम चालू आहे. कोकणातल्या नद्या लांबीनं लहान, पण उतार भयंकर. समुद्र जेमतेम साठ-सत्तर किलोमीटरवर आणि तेवढ्यात सह्याद्रीच्या माथ्यापासून शून्यावर यायचं. असं पाणी आपल्या उगमाकडचा डोंगर कुरतडत मागे मागे सरकतं. सरकता सरकता ते माथ्यापलीकडच्या संथ नदीच्या खोऱ्यात शिरतं आणि तिचं पाणी पळवतं. याला भूगोलात नदी-अपहरण म्हणतात. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला याची खूण पाहायला मिळते. इंद्रायणीचं खोरं उगमापाशीच इतकं रुंद आहे की तिची वरची बाजू कुणीतरी कापून नेल्यासारखी वाटते. ती बाजू कोकणाच्या घळींनी गिळली. कोयनेच्या खोऱ्यालाही हाच धोका आहे, विशेषतः हेळवाकच्या वळणापाशी. कुंभार्ली घाटाचा माथा तिथून अगदी जवळ आहे. निसर्गावर सोडलं असतं तर लाखो वर्षांनी का होईना, वाशिष्ठीनं कोयना फोडली असती. माणसानं तेच काम बोगदे खणून एका पिढीत केलं. कोयना प्रकल्पाकडे मी याच नजरेनं पाहतो, आणि हा प्रवास करताना ती नजर पक्की होत गेली.

तापोळ्याला पोहोचेपर्यंत नदी संपलेली असते आणि जलाशय सुरू झालेला असतो. शिवसागर. हेळवाकजवळच्या धरणापासून मागे सुमारे पन्नास किलोमीटर पाणी पसरलं आहे. कोयना, सोळशी आणि कांदाटी यांची खोरी एकमेकांत मिसळून गेली आहेत. क्षमता १०५.२५ टीएमसी. पर्यटकांच्या जाहिरातींत याला मिनी काश्मीर म्हणतात. मला ते नाव रुचत नाही. जावळीच्या खोऱ्याला स्वतःचं नाव आहे, इतिहास आहे, आणि पाण्याखाली गेलेली गावं आहेत.

तापोळ्याहून लाँचनं निघालं की हे कळायला वेळ लागत नाही. आमच्या लाँचवरचे काका कांदाटी खोऱ्यातले. त्यांनी सुकाणू एका हातात धरून दुसऱ्या हातानं पाण्याकडे बोट केलं. "हितं आमच्या आजोबांचं शेत हुतं. भात पिकायचा, चांगला. त्या वळणावर गावठाण. मे महिन्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा वर येतो, मग माणसं नारळ फोडायला जात्यात." मी विचारलं, गाव कुठं गेलं? म्हणाले, "निम्मं वर डोंगरात सरकलं, निम्मं लांब कुठं कुठं. एका आईची लेकरं चार जिल्ह्यांत." कोयनेचे धरणग्रस्त खरोखरच सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे असे विखुरले गेले. डोंगरात वर सरकलेल्यांची गत त्याहून अवघड झाली. शेताची सपाट, गाळाची जमीन पाण्यात गेली आणि वाट्याला उताराची वरकस जमीन आली. तिथं नाचणी, वरी काढायची. दवाखान्याला जायचं तर लाँच, बाजाराला जायचं तर लाँच. गाडी पलीकडे न्यायची तर तराफा. पुढे १९८५ साली जलाशयाच्या पश्चिमेचं जंगल कोयना अभयारण्य झालं, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं, आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत त्याचं नाव आलं. जंगलासाठी हे चांगलंच झालं. पण त्या पट्ट्यातल्या काही गावांना दुसऱ्यांदा उठावं लागलं, तेही सांगितलं पाहिजे.

बामणोलीवरून कास पठारामार्गे साताऱ्याला उतरून पाटण गाठलं आणि कोयनानगरला आलो. हा वळसा मोठा आहे, पण दुसरा इलाज नाही. जलाशयानं खोऱ्यातून जाणाऱ्या जुन्या वाटा बुडवल्या.

धरण पाहताना आधी त्याच्या आकड्यांकडे लक्ष जातं: उंची १०३ मीटर, लांबी सुमारे ८०७ मीटर, सांडव्याला सहा वक्र दरवाजे. इथं वीज करण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांनी तपासली होती. काम प्रत्यक्षात सुरू झालं १९५० च्या दशकात, आणि १९६२ साली डोंगरापलीकडे कोकणात पोफळीला वीज तयार होऊ लागली. धरणाच्या वरच्या अंगाला नवजा गाव आहे. महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस सहज पडतो. ओझर्डे धबधबा तिथलाच. नवजापासून कराड सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर, आणि कराडचा पाऊस सहा-सातशे मिलिमीटर. या एका फरकात कोयनेचं सगळं राजकारण आहे.

कोयनानगरला कुणाशीही बोलायला बसा, ११ डिसेंबर १९६७ चा विषय निघतोच. पहाटे चारनंतर भूकंप झाला. ६.३ तीव्रतेचा. सुमारे १८० माणसं गेली. धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या, आणि नंतर मागच्या बाजूनं काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत करण्यात आलं. दख्खनचं पठार भूकंपापासून सुरक्षित, असं त्यापूर्वी मानलं जात होतं. तो समज त्या पहाटे मोडला. जलाशयात पाणी भरल्यानं भूकंपाला चालना मिळते, याचं जगभर दिलं जाणारं सर्वांत मोठं उदाहरण कोयनेचं आहे. पाण्याचा भार वाढतो, पाणी खडकाच्या भेगांत खोलवर झिरपतं, आधीपासून ताण असलेली भंगरेषा सरकते. इथं अजूनही लहान-मोठे धक्के बसतात, आणि लोक त्यांची सवय झाल्यासारखं बोलतात. शास्त्रज्ञांनी या भागात गोठण्याला तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं. साधारण किलोमीटर-सव्वा किलोमीटर बेसाल्ट, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटचा पाया. नदीनं दक्षिणेची वाट धरली ती याच खडकांच्या भेगांमुळे, आणि भूकंपही त्याच खडकांच्या पोटात. कोयनेच्या बाबतीत भूगोल आणि भूगर्भ वेगळे काढता येत नाहीत.

धरणाखालची कोयना पाटणपर्यंत सुंदर आहे. पायथ्याच्या वीजगृहातून थोडं पाणी खाली सोडतात, त्यामुळे उन्हाळ्यातही पात्र कोरडं पडत नाही. पाटणला केरा मिळते, पुढे मोरणा, मग वांग. दोन्ही काठांना ऊस. पावसाळ्यात मात्र हेच खोरं निष्ठुर होतं. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला आणि घरं गाडली गेली.

कराडला प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भिडतात आणि दोघी मिळून पूर्वेला वळतात. दोन नद्या अशा एकमेकींच्या तोंडावर येऊन मिळणं दुर्मीळ आहे, आणि त्यामुळे संगमाचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा झाला आहे. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. इथं संध्याकाळी बसायला गर्दी असते. याच संगमाच्या थोडं खाली टेंभू गाव आहे, तिथून टेंभू उपसा सिंचन योजना सुरू होते. नदीचं पाणी विजेच्या पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून खानापूर, आटपाडी, सांगोला या कोरड्या तालुक्यांना नेलं जातं. म्हणजे वरच्या अंगाला कोयनेचं पाणी पश्चिमेला टाकून वीज करायची आणि खालच्या अंगाला वीज जाळून पाणी पूर्वेला चढवायचं. दोन्ही गोष्टींना आपापली कारणं आहेत, हे मान्य. पण एकाच नदीच्या काठी पाऊणशे किलोमीटरच्या आत दोन्ही पाहिल्यावर मन अस्वस्थ झाल्याशिवाय राहत नाही.

कराडहून परत पाटण, हेळवाक आणि कुंभार्ली घाट. घाटमाथ्यावर धुकं नसेल तर थांबावं. इथं पूर्वेचा उतार एवढा सौम्य आहे की आपण चढलो हे कळत नाही, आणि पश्चिमेला रस्ता एकदम तुटून खाली जातो. याच डोंगराच्या पोटात कोयनेची तिसरी वाट आहे. नवजापाशी जलाशयातून पाणी बोगद्यात शिरतं. पावणेचार किलोमीटर जवळजवळ आडवं येतं, मग तिरक्या दाबनळांतून पोफळीच्या भूमिगत वीजगृहावर कोसळतं. ही उंची पावणेपाचशे मीटरच्या आसपास. तिथं पहिल्या दोन टप्प्यांची ६०० मेगावॉट वीज होते. वापरलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात जमा होतं, तिथून पुन्हा खाली सोडून तिसऱ्या टप्प्यात ३२० मेगावॉट. चौथा टप्पा एकट्यानं १००० मेगावॉटचा. त्यासाठी १३ मार्च १९९९ ला जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडलं, आणि २५ एप्रिल २०१२ ला दुसऱ्यांदा. त्या 'लेक टॅपिंग'ची आठवण इथले लोक लग्नकार्याच्या आठवणीसारखी सांगतात. धरणपायथ्याचे ४० मेगावॉट धरून एकूण १९६० मेगावॉट. संध्याकाळी राज्यात एकदम दिवे, पंखे, यंत्रं सुरू होतात तेव्हा काही मिनिटांत वीज वाढवता येते ती इथून. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात ते उगाच नव्हे.

वीजगृहात जायला परवानगी लागते. पण खरं पाहण्यासारखं बाहेर आहे, अलोऱ्याकडून येणाऱ्या कालव्यावर. वीज करून झाल्यावर बाहेर पडणाऱ्या या पाण्याला इथं अवजल म्हणतात. हिरवट, थंड, वेगवान. काठावर उभं राहिलं की अंगावर गारवा येतो. कृष्णा पाणीवाटप लवादानं ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असं पश्चिमेला वळवता येतं. धरणाच्या क्षमतेच्या जवळपास दोन तृतीयांश. एक अख्खी नदीच म्हणा ना, जी कृष्णेच्या खोऱ्यात पडली आणि वाशिष्ठीच्या खोऱ्यात वाहिली.

वाशिष्ठीचं रूप या पाण्यानं बदललं. कोकणातल्या नद्या मार्च-एप्रिलपर्यंत खडकांवर उघड्या पडतात. वाशिष्ठी चिपळूणला भर उन्हाळ्यात वाहती असते. चिपळूणचं पिण्याचं पाणी, लोटे-परशुरामचे कारखाने यांना तिचाच आधार. खाडीकडे पात्रात मगरी आहेत आणि त्या पाहायला होड्या निघतात. पण पाणी वर्षभर आहे म्हणून ते नेहमीच सुखाचं आहे असं नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. मुसळधार पाऊस होता, समुद्राला भरती होती, पात्र गाळानं भरलेलं होतं. कोळकेवाडीतून सोडलेल्या पाण्याचा त्यात किती वाटा, यावरून शहरात मोठा वाद पेटला. बाजारपेठेतल्या एका दुकानदारानं मला भिंतीवरची पुराची रेषा दाखवली. माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. रंग देताना त्यानं ती मुद्दाम ठेवली होती. नंतर लोकांनी उपोषण केलं, तेव्हा कुठं गाळ काढायला सुरुवात झाली. दुसऱ्या खोऱ्यातलं पाणी ज्या नदीत आणून सोडायचं, तिचं पात्र सांभाळणं ही सोडणाऱ्याची जबाबदारी आहे. पुरानंतर लोकांना उपोषणाला बसावं लागणं मला गैर वाटतं.

चिपळूणच्या पुढे गोवळकोट, मग खाडी. रुंद, मचूळ, कांदळवनांनी वेढलेली. दाभोळ-धोपावे फेरीबोटीनं खाडी ओलांडताना डावी-उजवीकडे नारळाच्या वाड्या, अंजनवेलचा गोपाळगड आणि समोर उघडा समुद्र. इथं कोयनेचं नाव कुणी काढत नाही. पण पार गावच्या पुलाखालून गेलेल्या पाण्याचा एक वाटा इथं पोहोचलेला असतो. दुसरा त्याच सुमाराला आलमट्टीकडे किंवा त्याहूनही पुढे, आंध्रच्या किनाऱ्याच्या वाटेवर असतो.

ज्यांना ही नदी पाहायची आहे त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जावं. पाणी भरपूर असतं, रस्ते मोकळे झालेले असतात. महाबळेश्वर, पार, तापोळा, कास, पाटण, कोयनानगर, कराड, कुंभार्ली, अलोरे, चिपळूण, दाभोळ असा क्रम ठेवला तर नदी उलगडत जाते. वासोट्याला जायचं तर बामणोलीत वनखात्याची परवानगी काढावी लागते. आणि कराडचा संगम पाहून परत फिरू नये. अवजलाच्या काठावर उभं राहिल्याशिवाय आजची कोयना कळत नाही.

हे अवजल मुंबईला न्यावं, कोकणच्या शेतीला द्यावं, की पश्चिमेला वळवायचं पाणीच कमी करून पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांना सोडावं, ही चर्चा अनेक वर्षं चालू आहे आणि पुढेही चालेल. सरकारनं कोणताही निर्णय घ्यावा. मात्र त्याआधी, ज्यांच्या शेतांवर हे पाणी उभं आहे त्यांचा हिशेब पुरा करावा. धरण पूर्ण होऊन साठ वर्षं उलटली, तरी कोयनेच्या कितीतरी धरणग्रस्त कुटुंबांना पर्यायी जमीन अजून मिळालेली नाही.